नाताळचा अर्ज आणि लाखांदूरची शाळा

भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा झाले ते १८५४ च्या मार्च महिन्यात, आणि हिंदुस्थानातील शिक्षणाची पुढील शंभर वर्षांची घडी बसविणारा सर चार्ल्स वुड यांचा खलिता लंडनहून निघाला तो त्याच सालच्या जुलै महिन्यात. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध काहीच नव्हता. तरी भंडारा जिल्ह्यातील वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या मुलखातील लाखांदूरसारख्या धानपिकाच्या गावी बसून मागे पाहू लागले, तर राजा गेला आणि चारेक महिन्यांतच मास्तराची तजवीज झाली, असेच काहीसे चित्र दिसते. १८३५ साली मेकॉलेने कलकत्त्यास आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले तेव्हा लाखांदूरवर तिसऱ्या रघूजीचा अंमल होता, आणि इंग्रजी शिकवावी की संस्कृत-अरबी, या वादाशी त्या गावाला काही कर्तव्य नव्हते. वुडच्या खलित्याची गोष्ट निराळी. उच्च शिक्षण इंग्रजीतून व्हावे आणि खालचे देशी भाषांतून व्हावे, असा जो दुमजली वाडा त्या खलित्याने कागदावर उभा केला, त्याच्या तळमजल्यावर लाखांदूरची जागा कायम झाली. वर जाण्याचा जिना कोठे असावा, किती पायऱ्यांचा असावा आणि कोणत्या इयत्तेत सुरू व्हावा, एवढाच प्रश्न उरला, आणि तो आजतागायत उरलेला आहे.

१८६१ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांताची स्थापना झाली आणि लगोलग प्रांताचे शिक्षणखाते अस्तित्वात आले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकापासूनच शाळा चालवीत होता. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले. या कॉलेजांच्या परीक्षा आधी कलकत्त्याच्या आणि पुढे अलाहाबादच्या विद्यापीठाच्या हाती होत्या, कारण नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे या झाडीपट्टीतील एखाद्या मालगुजाराच्या मुलाने बी. ए. व्हावयाचे म्हटले, तर त्याचा अभ्यासक्रम गंगेच्या खोऱ्यात ठरत होता. गावच्या शाळेत मराठी चार इयत्ता, आणि पुढे इंग्रजी हवी तर तहसिलीच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी अँग्लो-व्हर्नाक्युलर मिडल स्कूल, अशी ती व्यवस्था होती. ज्याच्या घरी धानाच्या बांध्या पुरेशा आणि जिल्ह्याच्या गावी एखादा नातलग, त्याचाच मुलगा तेथवर पोचे.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे, कारण शिक्षणाच्या इतिहासात ती सहसा येत नाही. लाखांदूरच्या घरांत बोलली जाते ती झाडीबोली. तीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाणी तेथे पानी असते आणि डोळा डोरा असतो. पुण्याच्या मराठीत छापलेले क्रमिक पुस्तक हाती घेणारे येथील मूल पहिल्याच दिवशी एक नवी भाषा शिकू लागते, शेजारच्या बाजारात हिंदी त्याच्या कानावर पडते, काही गावांत गोंडीही पडते. आणि या सगळ्यांच्या वर, मास्तरांनी म्हटले की, इंग्रजी. तेव्हा ‘मातृभाषा विरुद्ध इंग्रजी’ हा जो द्वंद्वयुद्धाचा देखावा शहरांतील सभांमधून रंगविला जातो, तो येथे मुळातच अपुरा आहे. मातृभाषेचे नाव घेऊन जी भाषा शाळेत आणली गेली, तीही या मुलांच्या आईची भाषा नेमकी नव्हती.

इंग्रजीचे मोल मात्र सर्वांना कळत होते. पोस्ट, रेल्वे, जंगलखाते आणि कचेरी या चार ठिकाणी ती चालत होती. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, ही चिपळूणकरांच्या नावावर सांगितली जाणारी उपमा मध्यमवर्गात प्रिय झाली. पण १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन सादर करताना महात्मा फुले यांनी जी तक्रार मांडली, ती लाखांदूरला अधिक लागू होती. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते आणि रयतेच्या मुलांना प्राथमिक शाळाही पुरी मिळत नाही, असा तिचा आशय होता.

आता या गावाचा आणि चार हजारांहून अधिक मैलांवरील एका बंदराचा संबंध सांगावयाचा आहे.

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नाताळ या प्रदेशाला हे नाव पडले ते वास्को द गामाच्या जहाजांनी १४९७ च्या ख्रिस्तजयंतीस तो किनारा पाहिला म्हणून. बरोबर चारशे वर्षांनी, १८९७ साली, त्याच किनाऱ्यावर इंग्रजी भाषेच्या इतिहासातील एक चमत्कारिक कायदा झाला. उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर आणणे त्या वसाहतीला हवे होते, पण गिरमिट संपल्यावर तेथेच राहू पाहणारा मजूर आणि त्याच्या मागोमाग स्वखर्चाने आलेला गुजराती किंवा कोकणी मुसलमान व्यापारी हे नको होते. राहू पाहणाऱ्या मजुरावर १८९५ मध्ये सालीना तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. व्यापाऱ्यासाठी निराळी युक्ती शोधावी लागली. १८९६ च्या डिसेंबरात ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे हिंदी प्रवासी घेऊन डर्बनला आली, ती क्वारंटाइनच्या निमित्ताने समुद्रातच अडवून धरण्यात आली, आणि १३ जानेवारी १८९७ रोजी उतरलेल्या बॅरिस्टर मोहनदास गांधी यांना गोऱ्या जमावाने रस्त्यात मारहाण केली. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नीने छत्री उघडून त्यांचा बचाव केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने प्रवेशबंदीचा १४ क्रमांकाचा कायदा मंजूर केला.

त्या कायद्यात हिंदी माणसाचे नाव नव्हते, काळ्या रंगाचा उल्लेख नव्हता. लंडनच्या वसाहतमंत्र्यास, जोसेफ चेंबरलेन यास, वर्णभेद उघड अक्षरांत लिहिलेला चालत नव्हता. कायद्याने एवढेच म्हटले की, वसाहतीत येऊ इच्छिणाऱ्याने ठरावीक नमुन्याचा अर्ज युरोपातील कोणत्याही एका भाषेच्या लिपीत स्वहस्ते लिहून सही करावी. अर्जात नाव, गेल्या बारा महिन्यांचे राहण्याचे ठिकाण, धंदा, जन्मस्थान आणि जन्मसाल एवढीच माहिती मागितलेली होती. मोडीत वर्षानुवर्षे जमाखर्च लिहिणारा, बालबोधीत पोथी वाचणारा, अरबीत कुराण म्हणणारा माणूस त्या अर्जापुढे निरक्षर ठरला. त्याच वर्षी राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त लंडनला जमलेल्या वसाहतींच्या प्रधानमंत्र्यांना चेंबरलेनने हाच नमुना पसंत करून दाखविला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली: अधिकाऱ्याने युरोपीय भाषेतील पन्नास शब्द तोंडी सांगावेत, आणि आगंतुकाने ते लिहावेत. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे. ती परीक्षा १९५८ पर्यंत टिकली.

ठरावीक मसुद्याचा अर्ज पाठ करता येतो, आणि जे पाठ करता येते ते शिकविणारा गुरू कोठे ना कोठे निर्माण होतोच, ही गोष्ट आपल्या देशात तरी कोणास समजावून सांगावयास नको. नाताळ सरकारने १९०३ मध्ये कायदा अधिक कडक केला. परंतु मुद्दा त्या एका वसाहतीचा नाही. इंग्रजी ही तोवर हिंदुस्थानात नोकरीची भाषा होती. १८९७ पासून ती सरहद्दीवरचा परवाना झाली. कोणत्या देशात कोणास येऊ द्यावयाचे हे ठरविणाऱ्या नाकेदाराच्या मेजावर ती जाऊन बसली, आणि तेथून ती अद्याप उठलेली नाही.

या नाक्याशी वर्षानुवर्षे झगडलेला माणूस म्हणजे गांधी. १९०७ च्या ट्रान्सवालच्या कायद्यातही युरोपीय भाषेची हीच अट होती, आणि पुढच्या वर्षी सोराबजी शापुरजी अडाजणिया हे सुशिक्षित, इंग्रजी उत्तम जाणणारे पारशी गृहस्थ मुद्दाम सरहद्द ओलांडून गेले ते ही अट पुरी करणाऱ्यालाही हिंदी म्हणून अडवितात की नाही हे जगाला दाखविण्यासाठी; सरहद्दीवर नाही, तरी पुढे त्यांना तुरुंगात घातलेच. या सगळ्या झगड्यात गांधींची लेखणी इंग्रजीत चालत होती, वकिली इंग्रजीत होती, अर्ज-निवेदने इंग्रजीत होती. पण स्वतःच्या मुलांना इंग्रजी लवकर शिकवावे, हा पोलाक या आपल्या इंग्रज मित्राचा आग्रह त्यांनी मानला नाही. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असता जोहान्सबर्गमधील हिंदी लोकांच्या सभेत त्यांनी मराठीत बोलावे असे गांधींनी सुचविले. सभेत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. तुमची हिंदुस्थानी मी ऐकली आहे, मराठीचे भाषांतर करण्याइतकी मराठी तुम्हांला कोठून येणार, अशी गोखल्यांनी थट्टा केली. परंतु ते मराठीत बोलले, गांधींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले, आणि मग हिंदी लोकांच्या सभांत गोखल्यांनी तोच परिपाठ ठेवला. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल ज्याची साम्राज्यभर ख्याती, तो पुण्याचा प्राध्यापक ट्रान्सवालमध्ये मराठीत बोलतो आहे आणि काठेवाडचा बॅरिस्टर त्याचा दुभाषा झाला आहे! भाषेच्या परीक्षेवर उभारलेल्या राज्याला याहून सभ्य उत्तर सुचणे कठीण.

तोच बॅरिस्टर गांधी १९३४ नंतर वर्ध्यास येऊन राहिला आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगाव या खेड्यात स्थायिक झाला, जे पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. वर्धा नागपूरच्या नैर्ऋत्येस, लाखांदूर आग्नेयेस. दोन्ही एकाच प्रांतात आणि एकाच नागपूर विभागात. १९३७ च्या जुलैत प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, आणि २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते आणि सभासदांत विनोबा व काका कालेलकर होते. गांधींनी मांडलेले समीकरण सुटसुटीत होते: सात वर्षांचे शिक्षण मॅट्रिकच्या तोडीचे, त्यातून इंग्रजी वजा आणि त्यात एक उद्योग अधिक. सूत, शेती किंवा सुतारकाम यांच्या द्वारा गणित, भूगोल आणि इतिहास शिकवावा, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च शक्य तितका भागावा. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने या कल्पनेला संमती दिली आणि सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला.

टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळी पोकळ नव्हती. मुलांच्या कताईवर मास्तराचा पगार काढणे हे शिक्षण की कारखाना, असे विचारले गेले; खेड्यातील मुलाला चरखा आणि शहरातील मुलाला शेक्सपिअर, ही नवी वर्णव्यवस्था होणार, असेही म्हटले गेले. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते की, वर्धा योजनेतील ‘इंग्रजी वजा’ या दोन शब्दांचा अर्थ नाताळचा अर्ज डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय लागत नाही. ज्याने नाका पाहिला होता, त्याला नाक्यासाठी मुले तयार करावयाची नव्हती. ज्या गावातून बाहेर पडण्यासाठी कोणाचा परवाना लागू नये असे गाव त्याला उभे करावयाचे होते. कल्पना भव्य होती, आणि सुसंगत होती. तिच्यातली एक अट मात्र कोणत्याही सरकारने पाळली नाही, ती अशी की, शाळेतून इंग्रजी काढावयाची असेल, तर कचेरीतून, कॉलेजातून आणि न्यायासनावरूनही ती आधी उठली पाहिजे. सरकारांनी नाका जागेवर ठेवला आणि शिडी तेवढी काढून घेतली.

मध्यप्रांतात ही योजना विद्यामंदिर या नावाने आली. शिक्षणमंत्री, आणि १९३८ पासून मुख्य प्रधान, पंडित रविशंकर शुक्ल यांची कल्पना अशी की, ज्या गावी शाळा नाही तेथे कोणी जमीन दान करावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. मालगुजारांच्या आणि तलावांच्या मुलखात जमीन देणे म्हणजे पाणी देणे. धानाच्या खरीपावर मास्तराचे वेतन अवलंबून ठेवले, तर ज्या वर्षी तलाव भरणार नाही त्या वर्षी बाराखडीचे काय, हा प्रश्न येथील कोणताही कोहळी जातीचा शेतकरी विचारता. मुस्लिम पुढाऱ्यांनी ‘मंदिर’ या शब्दासच हरकत घेतली आणि वाद शाळेवरून नावावर गेला. १९३९ च्या नोव्हेंबरात, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि विद्यामंदिरे ओसरत गेली.

स्वातंत्र्यानंतरची वर्षे झरझर सांगून टाकावी अशी आहेत, कारण त्यांत हुकूम फार आणि फळ थोडे. मध्यप्रदेशात मालगुजारी गेली, नागपूरचे राजधानीपण अजून राहिले होते. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने खालच्या इयत्तांतून इंग्रजीला रजा दिली. परंतु १९५४ सालापाशी थांबले पाहिजे.

त्या वर्षी ६ जानेवारीस मुंबई सरकारने एक हुकूम काढला की, यापुढे इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ज्यांची भाषा इंग्रजी आहे अशा नागरिकांच्या, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांच्या, मुलांखेरीज कोणासही नवा प्रवेश देऊ नये. हेतू मातृभाषेच्या उत्कर्षाचा होता. पण शब्दयोजना पाहावी! ‘बिगर-आशियाई वंश’ ही अट स्वतंत्र भारताच्या एका राज्याने, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, इंग्रजीच्या वर्गाच्या दारावर लिहिली. नाताळने जे शब्द लाजेने कायद्यात घातले नाहीत, ते येथे देशप्रेमाने घातले गेले. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी आणि प्रवेश नाकारल्या गेलेल्या पालकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, फेब्रुवारीत ती मंजूर झाली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ मे १९५४ रोजी तेथेही हरले. घटनेच्या २९ व्या अनुच्छेदान्वये सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ वंश किंवा भाषा या कारणावरून कोणा नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही, हेतू कितीही चांगला असो, असा तो निकाल होता.

त्याच वर्षी भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेला, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेला, ज्याच्या जीवनात इंग्रजी ही खरोखरच शिडी ठरली असा तो पुरुष झाडीपट्टीच्या जिल्ह्यात मते मागत होता, आणि त्याच काळात पलीकडच्या राज्यात ही शिडी कोणी चढावी याचा खटला चालू होता. लाखांदूरच्या दलित वस्तीला देवळालीचा निकाल ठाऊक असण्याचा संभव नव्हता. बाबासाहेब कोणती भाषा शिकून मोठे झाले, हे मात्र तिला पक्के ठाऊक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नागपूरहून येणारे हुकूम मुंबईहून येऊ लागले.

पुढे मराठी शाळांत पाचवीपासून इंग्रजी अशी घडी बसली आणि शतक संपेपर्यंत ती टिकली. एस.एस.सी.च्या निकालात इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी खेड्यांतील मुलांची जी कत्तल केली, तिचे वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. नापासांच्या फेरपरीक्षेची ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्द ज्या घरात उच्चारला गेला नाही असे घर त्या पिढीत विरळा.

आणि येथे १९६५ साल येते. घटनेने इंग्रजीला केंद्राच्या कारभारात पंधरा वर्षांची मुदत दिली होती, ती २६ जानेवारी १९६५ रोजी संपत होती. १९६३ च्या कायद्याने तिला पुढेही वापरण्याची मुभा ठेवलेली असूनही मद्रासमध्ये हिंदीविरोधी आंदोलनाचा आगडोंब उसळला, आणि दिल्लीतून इंग्रजी निघून जाण्याचा प्रश्न कायमचा मागे पडला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली नव्या आप्रवासन कायद्यावर सही केली. १९४६ पासून हिंदी लोकांसाठी वर्षाला अवघ्या शंभर जागांचा जो कोटा होता, तो त्या कायद्याने मोडीत निघाला आणि डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना वाट मोकळी झाली. नाताळने अक्षरे मागितली होती. अमेरिकेने पदवी मागितली. वरवर पाहता ही अट भाषेची नव्हती. पण आपल्या देशात वैद्यकाची आणि यंत्रविद्येची पदवी कोणत्या भाषेत मिळत होती? नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. दोन्हींचे अध्यापन इंग्रजीत. १९६९ मध्ये शिकागोला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. जानेवारीत जी भाषा दिल्लीतून जाता जाता राहिली, तिला ऑक्टोबरात समुद्रापलीकडून नवे आमंत्रण आले. आणि त्या दिवसापासून इंग्रजी ही जुन्या राज्यकर्त्यांची न राहता जावयाच्या देशाची भाषा झाली. कोठारी आयोग त्या वेळी आपला अहवाल लिहीतच होता. त्याने प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण द्यावे असे म्हटले, देशाने मान डोलाविली, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी मुलांची नावे कॉन्व्हेंटात घातली.

भंडारा जिल्ह्यातही हे दुपदरी चित्र उमटले. जवाहरनगरला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला, बदलीच्या नोकरांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालय आले, आणि त्यातील इंग्रजी कारखान्याच्या कुंपणाआत राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालये दिली. लाखांदूरच्या शेजारच्या टापूत, नवेगावबांधच्या तलावाकाठी, त्यांतले एक आहे. तेथे आठवीपर्यंत मराठी, मग गणित-विज्ञान इंग्रजीत, आणि नववीतील काही मुलांना एक वर्ष परप्रांतातील नवोदयात पाठविण्याची पद्धत. एवढ्या एका संस्थेने खेड्यातील निवडक मुलांना जिना दिला, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. निवडक, हा शब्द मात्र विसरता येत नाही.

२००० साली जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. मराठीच्या कैवाऱ्यांनी रान उठविले. मोरे यांची भूमिका अशी की, श्रीमंतांच्या मुलांना जे पहिलीपासून मिळते ते गरिबांच्या मुलांना पाचवीपर्यंत का थांबवावे. आणि हा प्रश्न फुल्यांच्या निवेदनाचाच वंशज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या काँग्रेसने परदेशी कुशल नोकरदारांच्या एच-वन-बी परवान्यांची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत वाढविली, जी १९९० च्या कायद्याने ६५,००० ठेवली होती. मुंबईच्या निर्णयाचे कारण वॉशिंग्टनमध्ये होते असे कोणी म्हणणार नाही. पण संगणकाच्या वर्गांच्या पाट्या तालुक्याच्या गावी ज्या वाऱ्याने हलू लागल्या होत्या, तो वारा मंत्रालयाच्या खिडकीतूनही आत येत होता. अडचण निराळीच होती. ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत पहिली ए-बी-सी-डी गिरविली, ज्यांच्या कानावर इंग्रजी संभाषण पडले नव्हते, त्यांच्या हाती सहा वर्षांचे मूल दिले गेले. धोरण एका हुकुमाने बदलते. गुरुजी एका पिढीने बदलतात. या पंचवीस वर्षांत लाखांदूरच्या पहिलीतल्या मुलाला इंग्रजी मिळाली खरी, पण ती बहुतांशी गाण्याची आणि चित्राखालच्या शब्दांची. गणित-विज्ञान इंग्रजीत शिकविणारी ‘सेमी-इंग्रजी’ आली, तिने मुलांना परिभाषा दिली, वाक्य दिले नाही.

नाके मात्र आपल्या सोयीने उघडत-मिटत राहिले. ब्रिटनने शिक्षणानंतर नोकरी शोधण्याची सवलत २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये निराळ्या नावाने पुन्हा दिली. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना दरसाल ७५ जागा दिल्या, आणि त्या जागांच्या वाटेवर परकीय विद्यापीठाची इंग्रजीची परीक्षा उभी राहिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन शिकविण्याची तयारी सुरू झाली. म्हणजे नाक्यावरची भाषा बदलली, की वर्गातली बदलते, याचा पुरावा ताजा आहे. २०२५ च्या जूनअखेर पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा हुकूम सरकारला मागे घ्यावा लागला, आणि सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसविले. झाडीबोली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला यांपैकी एकाही निर्णयात कोणी विचारले नाही. ते अपेक्षितही नव्हते. परंतु त्याच्या गुरुजींनाही विचारले नाही, हे अक्षम्य आहे.

हा इतिहास येथवर लिहिला तो कायदे, खलिते आणि निवाडे यांच्या आधारे, म्हणजे वरून खाली पाहून. त्याची खालची बाजू निराळ्या दफ्तरात आहे. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीजचे रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, जन्मस्थान, जन्मतारीख, पालकाचा धंदा असे रकाने असतात, जवळजवळ नाताळच्या अर्जात होते तेच, आणि शेवटी आणखी एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. किती मुलांनी मराठी चौथीनंतर शाळा सोडली, इंग्रजी पाचवीत आल्यावर किती गळाली, पहिलीत आल्यावर त्यांत फरक पडला की नाही, कोण जवळच्या वडशाच्या आगगाडीने नागपूरला गेले आणि कोण धानाच्या बांधीत परतले, याची नोंद तेवढ्या एका रकान्यात आहे. ही रजिस्टरे वाळवीच्या आणि गळक्या छपरांच्या स्वाधीन आहेत. लाखांदूर, साकोली, पवनी या भागातील ज्या शिक्षकांच्या हाती ती असतील, त्यांनी या उन्हाळ्याच्या सुटीत ती कपाटातून काढून, ऊन दाखवून, त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, एवढी विनंती आहे.